तरसालीचा पल्ला

बडोद्याच्या कमाटीबागेची मोठी फेरी त्या दिवशी पहिल्यांदाच न थांबता पुरी झाली. बँडस्टँडपाशी येऊनही तेजश्रीचे पाय चालूच होते, आणि आनंद व्हायच्या आधी तिला जरा भीतीच वाटली, की हे आता थांबवायचं कसं. दिवाळी होऊन गेली होती, हवेत नुकता गारवा आला होता, झाडांखालचं गवत दवानं ओलं होतं. सुरुवातीला फाटकापासून म्युझियमपर्यंत धावली तरी तिला कमरेवर हात ठेवून वाकून उभं राहावं लागायचं, आणि लोक बघतायत असं वाटून ती बुटाची नाडी बांधायचं सोंग करायची. आज तसलं काही करावं लागलं नव्हतं. आज ती बोलूसुद्धा शकली असती. हार्दिकची, म्हणजे त्यांच्या गटाला शिकवणाऱ्या मुलाची, तीच कसोटी होती. "वात करी शको एटलुंज दोडवानुं, बेन," तो सारखा सांगायचा. धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की वेग चुकला. पण तेजश्री कुणाशी बोलणार? तिला या गटात आणणारी कोमल, तिच्याच दवाखान्यातली, पहिल्या पंधरवड्यातच गळाली होती. आता तेजश्री एकटीच धावायची आणि मनातल्या मनात बोलून बघायची.

ती चालीवर आली, आणि बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं तिच्यापुढे काठी आडवी धरली. माकडटोपी, त्यावर मफलर, पायात मात्र पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट.

"हिंमतरावांची कोण तू?" त्यानं मराठीत विचारलं.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ऐकणं हाच तिचा धंदा होता; दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. तरी तिनं विचारलं, "काय?"

"हिंमतराव. उजवा पाय असा बाहेरून वळवून टाकायचा. आणि मान डावीकडे, कुणीतरी हाक मारल्यासारखी. पोलो ग्राउंडवर आम्ही सगळे त्याच्या मागे धावायचो, त्यामुळे त्याची पाठ आम्हांला तोंडापेक्षा जास्त पाठ. मघापासून बघतोय तुला. म्हटलं, ही त्याचीच कुणीतरी."

"मुलगी," ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, "बाबा आफ्रिकेत असतात" असं ती लहानपणी शाळेत म्हणायची त्याच सुरात म्हणाली.

म्हातारा हसला. "आफ्रिकेत? कोण म्हणतं? तरसालीला तर असतो तो. शाळेच्या मैदानासमोर, ओट्यावर झोपाळा आहे ते घर. त्याला सांग, बापू भेटला होता. बापू म्हटलं की कळेल." मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यानं काठी हळूच मागे घेतली. "म्हणजे असेल बुवा आफ्रिकेत पण. आम्ही आता म्हातारी माणसं."

पलीकडून हार्दिक ओरडला, "चालो तेजश्रीबेन, स्ट्रेचिंग!" ती गेली. सगळ्यांबरोबर वाकली, पायाचे अंगठे धरले. हार्दिक तिला म्हणाला की आजे तो कमाल करी, आणि चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या. तेजश्री खाली मुंडी घालून आपल्या उजव्या पावलाकडे बघत राहिली. ते बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. बूटसुद्धा बाहेरच्याच कडेला झिजला होता. हे तिनं इतके दिवस पाहिलं नव्हतं असं नाही. पण झिजलेला बूट म्हणजे झिजलेला बूट, एवढंच तिला वाटायचं.

ती हरणी भागातल्या घरी आली तेव्हा आई, नलिनीबाई, गॅलरीत उभी होती. मुलगी धावायला लागल्यापासून आई रोज ती परतेपर्यंत अशीच उभी असायची, आणि तेजश्री फाटकातून आत आली की आत जाऊन चहाला आधण ठेवायची, जणू उभी नव्हतीच. आज तेजश्रीनं जिने दोन-दोन पायऱ्या एकदम चढत पार केले आणि दारात आली तरी तिला धाप लागली नव्हती. छातीत काहीतरी वाजत होतं ते वेगळंच. आईच्या हातून कप घेताना तिनं आईचे हात पाहिले. सत्तरीचे, नखं बारीक कापलेले, मनगटावर एकच बांगडी. या हातांनी बाईनं शिवणकाम केलं, पाणीगेटच्या दोन भाड्याच्या खोल्यांमध्ये एकटीनं पोर वाढवलं, कुणापुढे कधी तोंड वेंगाडलं नाही. आणि तो माणूस सगळा वेळ याच गावात होता. आईलाही त्यानं फसवलं, तेजश्रीच्या मनात आलं. आईला हे कळता कामा नये. कळलं तर ती या वयात मोडून पडेल. म्हणून तिनं विचारलं नाही. "आज पूर्ण फेरी झाली, न थांबता," एवढंच सांगितलं. आई म्हणाली, "इतकं कशाला धावायचं? कुणी मागे लागलंय का?" आणि शाकभाजी निवडायला बसली.

तेजश्री नऊ वर्षांची असताना हिंमतराव घरातून गेले. त्यांचं घराणं जुन्या संस्थानी अंमलदारांचं. त्यांच्या वाट्याला मात्र सरकारी कचेरीतली एक खुर्ची आणि पोलो ग्राउंडवरची सकाळ एवढंच आलं होतं. तिला आठवत होता तो खाकी अर्धी चड्डी घातलेला, घामानं निथळणारा, दारातच उभा राहून तांब्याभर पाणी घटाघटा पिणारा माणूस; त्याच्या गळ्याची वरखाली होणारी हाडकी गाठ. तिला त्याचा चेहरा आठवत नव्हता, हे तिला बापूचं बोलणं ऐकल्यावरच उमगलं. आई म्हणाली होती, बाबांना आफ्रिकेत नोकरी लागली, दार-ए-सलामला. बडोद्यात त्याचं कुणाला नवल नव्हतं. शेजारच्या पटेलांचे दोन मुलगे तिकडेच होते. मग काही वर्षांनी आईनं सांगितलं, त्यांनी तिकडेच दुसरं घर केलं. शाळेच्या नकाशात तेजश्रीनं ते गाव बोटानं किती वेळा शोधलं होतं. मधला समुद्र फिकट निळा, त्यावर काहीच छापलेलं नाही. त्या निळ्या रिकाम्या जागेचा तिला कधी राग आला नाही. मोठेपणीसुद्धा टीव्हीवर आफ्रिकेतल्या धावणाऱ्यांचा काही कार्यक्रम लागला, तांबड्या मातीच्या रस्त्यावरून ती काटक पोरं पळताना दिसली, की ती पोरांकडे न बघता रस्त्याकडेला उभ्या माणसांकडे बघायची. पांढऱ्या केसांचा, आपल्याकडचा कुणी? ही सवय कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लग्न जुळत आलं होतं त्या माणसाला तिनं एकदा सांगितली होती, तो हसला होता, आणि ते लग्न पुढे या ना त्या कारणानं राहूनच गेलं.

आता समुद्र नव्हता. आता अमितनगर सर्कल होतं, फतेपुरा होतं, पाणीगेट होतं, सोमा तलाव होता, आणि पुढे तरसाली. ज्या दिवशी हे तिच्या ध्यानात आलं त्या दिवशी ती दवाखान्यात होती. बंद खोलीत काचेपलीकडे एक आजोबा कानावर हेडफोन लावून बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं. तिनं आवाज सोडलाच नव्हता, तरी त्यांनी बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. असे खूप जण असतात, वाट बघून बघून ज्यांना नसलेलं ऐकू येतं. त्यांच्यावर रागवायचं नसतं; नुसतं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. पण आज तिला त्या म्हाताऱ्या बोटाकडे बघवेना. ती बाहेर आली, कोमलला म्हणाली, "जरा तू बघ ना." कोमल म्हणाली, "तब्येत बरी नाही का मॅडम? हे धावणंबिवणं सोडा, वजन पण उतरलंय तुमचं." वजन उतरलं होतं खरं. रात्री उशीला डोकं टेकताच झोप लागत होती, पहाटे भुकेनं जाग येत होती. झोपेतून उठल्याबरोबर मनगटावर बोटं ठेवली तर नाडी संथ, जड, जणू दुसऱ्याच कुणाची. शरीर शांत होत चाललं होतं, आणि त्याच्या आत ती एका जागी बसू शकत नव्हती. जेवताना उठायची, वाचताना उठायची. दवाखान्यातून येताना उगाच एक स्टॉप आधी उतरायची.

जानेवारीत अर्धी मॅरेथॉन होती, एकवीस किलोमीटरची. हार्दिकनं आखून दिल्याप्रमाणे रविवारी लांब पल्ला, आणि तो दर रविवारी थोडासा वाढवायचा. बाकीचे गटाबरोबर अलकापुरीच्या बाजूला जात. तेजश्रीनं त्याला सांगितलं, मला हरणीहून निघणं सोयीचं, मी माझी माझी धावेन. पहिल्या रविवारी ती फतेपुऱ्यापर्यंत गेली आणि परतली. पुढच्या रविवारी पाणीगेट. त्या दरवाज्यापाशी तिला थांबावंसं वाटलं, कारण लहानपणाचं सगळं इथलं. बेकरीतून भाजलेल्या पावाचा वास येत होता, बकऱ्या ओट्यांवर चढून बसल्या होत्या, एक बाई दुधाची पिशवी हातात धरून हिच्याकडे रोखून बघत होती. इथे ती भाडोत्र्यांच्या पोरांबरोबर खेळायची, आणि कुणी विचारलं की छाती काढून सांगायची, बाबा आफ्रिकेत असतात. तेव्हा तो बसनं अर्ध्या तासावर होता. ती नववीत असताना तापानं फणफणली होती आणि आई रात्रभर उशाशी बसली होती, तेव्हाही. बारावीला तिचं नाव पेपरात आलं तेव्हाही. त्यानं तो पेपर वाचला असेल, इथलाच तर पेपर होता! तिच्या पायांनी आपसूक वेग घेतला. धाप लागली, बरगड्यांखाली कळ आली, बोलता येईना झालं. तिनं जबरदस्तीनं स्वतःला आवरलं. वात करी शको एटलुंज. मग पावलांच्या तालावर ती त्याच्याशी बोलत राहिली. तुम्ही आईला, असं का केलंत. तुम्ही आईला, असं का केलंत. पाणीगेटपासून घरापर्यंत हे एकच वाक्य, आणि नवल म्हणजे त्यात ती स्वतः कुठेच नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी ती सोमा तलावापर्यंत गेली आणि तिथे तिला ओकारी आली. पोटात काही नव्हतंच. कठड्याला धरून ती उभी राहिली. इथून तरसाली अजून दिसत नव्हती, पण होती. रिक्षावाले "तरसाली, तरसाली" असंच ओरडत होते. रिक्षात बसून केव्हाही जाता आलं असतं. बापू भेटला त्याच दुपारी जाता आलं असतं. पण तसं जायचं म्हणजे ठरवून जायचं, साडी नेसून, बेल वाजवून. तिला ठरवायचं नव्हतं. तिला असं हवं होतं की पायच तिथवर पुरावेत, त्या घरासमोरून जाणं केवळ पल्ल्यात यावं. तिनं तोंड धुतलं आणि मागे वळली. त्या दिवशी घरी आल्यावर आईनं तिला न विचारता बादलीत कोमट पाणी आणि मीठ आणून ठेवलं. तेजश्रीच्या पायाचं एक नख काळं पडलं होतं. आई खाली बसून त्या नखाकडे बघत राहिली. "किती लांब गेली होतीस?" तिनं विचारलं. "सोमा तलाव," तेजश्री म्हणाली, आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आईनं टॉवेल झटकला. "तिकडे कशाला? धूळ किती असते त्या बाजूला. बागेत काय वाईट आहे?" आवाज नेहमीचाच होता. पण कानांचं काम करणाऱ्या माणसाला काही गोष्टी ऐकू येतात. आईनं वाक्य संपवल्यावर जो श्वास घेतला तो मोठा होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती सोमा तलावापाशी वळली नाही. उजाडून बराच वेळ झाला होता, उन्हाला ऊब आली होती, गळ्यातला रुमाल तिनं सोडून कमरेला बांधला. काहीच दुखत नव्हतं. हे तिला पुढे पुष्कळदा आठवलं, की त्या दिवशी ती जन्मात धावली नव्हती इतकी चांगली धावली. ट्रक जात होते, कारखान्याच्या पाळीला निघालेले लोक मोटारसायकलवरून वळून बघत होते, आणि ती त्या सगळ्यांमधून हलकी, मोकळी चालली होती. तरसाली आली. तिनं एका दूधवाल्याला शाळेचं मैदान विचारलं. त्यानं हात केला. मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. समोर घरांची रांग, आणि एका ओट्यावर झोपाळा. झोपाळ्यावर स्वेटर घातलेला एक उंच म्हातारा पाय जमिनीला टेकवून हळूहळू झोके घेत बसला होता.

ती फाटकापाशी आली आणि थांबली. आता तोंडातून ते वाक्य निघणार होतं. ती नीट श्वास घ्यायला थांबली होती इतकंच.

"ये," तो म्हणाला. "तेजू ना तू? आत ये, फाटक नुसतं लोटलेलंय."

ती आत गेली.

"नलिनी म्हणाली होती, तू धावायला लागलीस म्हणून. मागच्या खेपेला आली तेव्हा. पण इथवर येशील असं नव्हतं वाटलं. हरणीहून धावत आलीस? वा! बस ना. बस नको, आधी थोडी चाल. एकदम बसू नये."

तेजश्री ओट्यापुढच्या फरशीवर चालायला लागली. त्यानं सांगितलं म्हणून, की उभं राहवेना म्हणून, तिलाच कळलं नाही. इकडून तिकडे पाच-सहा पावलं, मग परत. "आई इथे येते?" तिनं विचारलं.

"येते ना. आधी क्वचित यायची. आमची ही गेली तेव्हापासून जरा जास्त येते. डबा आणते, चादरी बदलते. नको म्हटलं तरी ऐकत नाही, तुला माहीत आहे तिचा स्वभाव." तो बोलत होता तसा त्याचा चेहरा तिला हळूहळू दिसायला लागला. छान चेहरा होता. कसलाही ताण नसलेला, स्वच्छ दाढी केलेला, प्रसन्न. "फाटकापाशी येताना बघितलं मी तुला. हात फार वर घेतेस. खांद्यात ताकद वाया जाते. हात असे, कमरेशी, सैल. आणि चढाला पुढे वाकत जाऊ नकोस. मला कुणी सांगणारं नव्हतं, म्हणून माझे गुडघे गेले. आता बघ, मैदान समोर आहे आणि मी इथे झोपाळ्यावर."

तो गुडघ्यांबद्दल बोलला. अहमदाबादच्या एका शर्यतीबद्दल बोलला, ज्यात अनवाणी धावून तो दुसरा आला होता. बापूबद्दल बोलला, की तो नेहमी शेवटी यायचा पण रोज यायचा. तिला त्यानं पाणी आणून दिलं, तांब्यातून, आणि ती ते पीत असताना तो सांगत होता की धावल्यावर पाणी घोट घोट प्यावं. ती ऐकत होती. आपण कशासाठी तरी थांबलोय असं तिला वाटत होतं. पाणी संपलं तरी ती थांबली. मैदानावर कुणीतरी बाद झालं, आरडाओरडा झाला, त्यानं मान वळवून पाहिलं आणि हसला. तू काय करतेस, असं तो विचारील. लग्न केलंस का. कशी आहेस. यांतलं काहीही. साधं, वाटेवरचा माणूससुद्धा विचारतो तसं. तिनं रचून आणलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं, पण त्यातली आई आता त्या वाक्यात बसत नव्हती, आणि आईला वगळलं तर मागे जे उरत होतं ते तिला बोलता येत नव्हतं.

"मी निघते," ती शेवटी म्हणाली.

"धावत नको जाऊ परत. एका दिवसाला बस झालं. आणि जानेवारीत तुझी शर्यत आहे ना, तेव्हा सुरुवात संथ ठेव. लोक पुढे जातात, जाऊ दे त्यांना." तो झोपाळ्यावरून उठून फाटकापर्यंत आला. त्याचा उजवा पाय बाहेरून वळत होता. "आवजो," तो म्हणाला, शेजाऱ्याला म्हणावं तसं.

रिक्षात बसल्यावर तिचा घाम थंड पडला आणि ती कुडकुडायला लागली. धावत आलेलं सगळं आता उलटं मागे जात होतं, सोमा तलाव, पाणीगेट, फतेपुरा. फारच लवकर संपत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "बेन, तबियत बराबर छे?" ती हो म्हणाली. तिला राग यायला हवा होता, आणि तो येत होता, पण कुणावर धरावा ते कळत नव्हतं, म्हणून तो रिक्षातच इकडून तिकडे आपटत होता. आई त्याच्या चादरी बदलते. आईला तिनं जपलं, बोलताना शब्द निवडले, कळलेली गोष्ट आठवडेच्या आठवडे गिळून ठेवली, आणि आई त्याला डबा नेऊन देते, आणि त्या झोपाळ्यापाशी बसून सांगते की तेजू हल्ली धावते. दोघांचं मिळून एक घर होतं कुठेतरी, गप्पांचं, आणि त्या घराबाहेर ती एकटीच होती, जन्मभर, नकाशावर बोट ठेवून.

आई गॅलरीत नव्हती. आत जमिनीवर बसून मेथी निवडत होती. तेजश्री बूट न काढता आत आली.

"तरसालीला गेले होते," ती म्हणाली.

आईचे हात थांबले नाहीत. एक काडी तोडली, दुसरी तोडली. मग थांबले. "भेटले?"

"हो. पाणी दिलं. पाय कसा टाकायचा ते सांगितलं." तिचा आवाज चढला. "तू का खोटं बोललीस? मला वाटलं त्यांनी तुला फसवलं. तुला कळू नये म्हणून मी... आणि तू तिथे जातेस, चादरी बदलतेस! आफ्रिका काय, दार-ए-सलाम काय!"

आईनं मेथीची परात बाजूला सरकवली. "पहिल्याच वर्षी गेले होते मी," ती म्हणाली. "पत्ता काढला आणि गेले. म्हटलं, माझ्यासाठी येऊ नका. पोरीला भेटून जा. हो म्हणाले. ते नेहमी हो म्हणतात. तू त्या रविवारी ओट्यावर बसून राहिलीस, लाल झगा घालून. मी काही सांगितलं नव्हतं तुला, तरी बसलीस, माझा चेहरा बघूनच कळलं असेल. ते आले नाहीत. मी परत गेले. परत हो म्हणाले. अशी चार-पाच वेळा गेले मी. मग मीच त्यांना आफ्रिकेला पाठवून दिलं."

"म्हणजे काय?"

"आफ्रिकेतला बाप येत नाही याचं मुलीला फारसं काही वाटत नाही, तेजू. मधे समुद्र असतो. तरसालीतला बाप येत नाही म्हणजे काय, हे मी नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगणार होते?"

तेजश्री भिंतीला टेकून खाली बसली. "आणि नंतर? मी पंचेचाळिशीला आले."

"नंतर तर आणखीच कसं सांगणार?"

"मग तू का जात राहिलीस?"

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. "एखाद्या दिवशी विचारतील म्हणून," आई म्हणाली. "तुझ्याबद्दल. मी आपली होऊन सांगत असते. पास झाली, नोकरी लागली, फ्लॅट घेतला. ते ऐकून घेतात. वाईट नाहीत ते. पण विचारत नाहीत गं. मला वाटायचं, एकदा जरी त्यांनी तोंडानं विचारलं ना, तेजू कशी आहे, की मी त्याच दिवशी घरी येऊन तुला सगळं सांगेन."

"आजसुद्धा नाही विचारलं," तेजश्री म्हणाली.

"माहीत आहे मला."

ती उठायला गेली. आईकडे जायचं होतं, की आईपासून दूर, तिला ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात डाव्या पोटरीत गोळा आला. पोटरी दगडासारखी वर चढली, बोटं आत वळली, ती तशीच आडवी झाली आणि पाय दोन्ही हातांनी धरून दात आवळून पडली. आई गुडघ्यांवर सरकत तिच्यापाशी आली, बूट ओढून काढला, मोजा काढला, आणि टाच एका हातात धरून दुसऱ्या हातानं पायाची बोटं तिच्याकडे रेटायला लागली. त्या हातांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. तेजश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड तिनं गच्च मिटलं होतं.

"ओरड," आई म्हणाली.

तिनं मान हलवली.

"दुखतंय तर ओरड ना! गप्प कशाला बसतेस? लहानपणापासून अशीच गप्प बसतेस तू. ओरड!"

आणि तेजश्री ओरडली. पहिला आवाज बारीक निघाला, तिचाच नसल्यासारखा. दुसरा मात्र पोटातून आला, मोठा, ओबडधोबड, भिंतीवर आदळून परत आलेला. परातीतली मेथी सगळीकडे पसरली. आई बोटं रेटतच होती, तिची बांगडी तेजश्रीच्या घोट्यावर आपटत होती, आणि आईच्याही तोंडातून आता कण्हल्यासारखा काही आवाज येत होता. दारावर थाप पडली. समोरच्या जागृतीबेन घाबरून विचारत होत्या, "नलिनीबेन, शुं थयुं? कोण रडे छे?"

आईनं पाय सोडला नाही. "कंई नथी!" ती दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली. "दीकरीना पगमां गोटलो चढ्यो छे!" मग तिनं पुन्हा इकडे मान वळवली, आणि हळू आवाजात, दात-ओठ खाऊन ती टाच घट्ट धरत म्हणाली, "त्या जातील. तू ओरड."